प्लगची टोपी आणि बेलाचा डिंक

वैशाख शुद्ध नवमी, सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. आळंदहून कलबुर्गीकडे जाताना गाडी झटके देऊ लागली, म्हणून ती रस्त्यालगतच्या महादेवाच्या देवळापाशी बेलाच्या सावलीत उभी केली. मागच्या सीटवर पत्नी होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. त्या दिवशीची वेळ बाराची होती. ती चुकली तर पुढची पाळी दोन दिवसांनी. रविवारपासूनच तिचे पाय सुजले होते आणि बोलताना धाप लागत होती.

मी तंत्रशाळेत आयुष्यभर इंजिन शिकवले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेला आहे हे आवाजावरून कळले. नवा प्लग जवळ होता. काम दहा मिनिटांचे. जुना प्लग काढला. प्लग काढताच भोकात चिंधी कोंबावी, हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगत असे, आणि न करणाऱ्याला बाहेर उभे करीत असे. त्या दिवशी मी चिंधी कोंबली नाही. नव्या प्लगच्या माथ्यावरची पितळेची टोपी सैल होती. प्लग भोकावर धरताच ती सुटून आत पडली. टक् असा आवाज झाला.

वाटाण्याएवढी वस्तू. पण ती आत असताना इंजिन चालू केले, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात. माझ्यापाशी चुंबकाची कांडी होती. चुंबक पितळ उचलत नाही, हे ठाऊक असूनही ती तीनदा आत घातली. विजेरीच्या उजेडात टोपी दिसत होती. पिस्टन वरच्या अंगाला थांबला होता; खाली असता तर दिसलीही नसती. आळंदच्या भाड्याच्या गाडीवाल्याला फोन केला. त्याच्या दोन्ही गाड्या लग्नाला गेलेल्या.

"बस थांबवा," पत्नी म्हणाली.

"पायरी चढशील?"

तिने कंबरेवर हात ठेवला. कंबरेचे हाड मोडल्यापासून तिला बसची पायरी चढता येत नाही, हे मला तिच्याइतकेच माहीत होते.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. मी त्या सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली नव्हती. पूजेवाचून पाणीही न घेण्याचा आमच्या घरचा नेम. निघण्याची घाई होती, आणि आम्हा लिंगायतांत कामालाच पूजा मानतात, असे मी मनाशी म्हटले. वाक्य खरे आहे. मी ते सोयीसाठी वापरले होते.

देवळाच्या कट्ट्यावर एक कुंभारीण मडक्यांची पाटी घेऊन रिक्षाची वाट पाहत बसली होती. साठीची असावी. ती उठून आली आणि इंजिनात डोकावली.

"काय शोधायलाव, अप्पा?"

"पितळेची टोपी पडली आहे."

"मग सळई कामून खुपसायलाव? अजून खाली जाईल की."

इंजिनाविषयी मला आजवर कोणी असे बोलले नव्हते. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. झाडाखालचे एक अर्धे पिकलेले बेलफळ दगडावर फोडले आणि बियांभोवतीचा डिंक बोटाने काढला. मडक्याची चीर ती यानेच बुजवते, असे म्हणाली. देवळाच्या खराट्याच्या दोन हिरा, म्हणजे ताठ काड्या, घेतल्या.

"आधी एकीला चिंधी गुंडाळून टोपी पुसा. तेलकट असल तर धरणार न्हाई."

मी पुसली. मग तिने दुसऱ्या हिरेच्या टोकाला डिंक लावून ती टोपीवर टेकवली आणि भोवती चिंधी कोंबून उभी केली.

"मोटर तापलेली हाय, लवकर वाळल. तरी अर्धा तास हात लावायचा न्हाई."

"अर्धा तास!" मी घड्याळ पाहिले.

"मडकं असू द्या न्हाईतर मोटर, वाळायचं त्येला वाळू द्यावं लागतंय. तवर पूजा करून घ्या. कपाळ मोकळं दिसायलंय."

पत्नी मागून म्हणाली, "अक्का, तुमचं ऐकतील. माझं न्हाई ऐकत."

मी हापशावर हातपाय धुतले, भस्म लावले, कट्ट्यावर बसून लिंग डाव्या तळहातावर घेतले. दृष्टी त्यावर स्थिर करायची असते. मला तळहातावर टोपीच दिसत होती. दोनदा उठावेसे वाटले. कुंभारीण गाडीपाशी बसून होती. तिने नुसता हात हलवला. तेव्हा मनात एवढेच आले: देवा, बायकोला वेळेत पोचव. मला जमत नाही. दुसरे वाक्य मी यापूर्वी कधी उच्चारले नव्हते. त्यानंतर बराच वेळ तळहातावर फक्त लिंग होते.

अर्ध्या तासाने हीर सरळ वर ओढली. टोकाला टोपी होती.

"निघालं बघा बाळ!" कुंभारीण हसली.

टोपी पकडीने आवळली, प्लग बसवला. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. कुंभारणीला बाजारापर्यंत घेतले. ती पत्नीला खांद्याचा आधार देऊन बसली आणि वाटेत मला म्हणाली, "येवढं हळू कामून चालवायलाव? माझी मडकी पक्की हाईत." बाराला पाच कमी असताना आम्ही रुग्णालयात होतो.

हा चमत्कार होता असे मी म्हणत नाही. बेलाचा डिंक चिकट असतो. पण जे ज्ञान हवे होते ते माझ्याकडे नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्या बाई तिथे बसलेल्या होत्या. माझ्याकडून लागले ते एवढेच: अर्धा तास हात न लावणे. त्या अर्ध्या तासाबद्दल मी कृतज्ञ आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर पत्नीच्या पायांची सूज उतरलेली दिसली. तिला दिवसाचे पाणी मोजून द्यावे लागते. उरलेला पाऊण पेला भरला आणि तिच्या हाताशी ठेवला.