आराबा मॅडमची निळी पट्टी

आराबा मॅडम हल्ली घराबाहेर पडत नाहीत. बाजारात गेलं की पैसे द्यायचे, सुटे घ्यायचे, वाटेत कोणी हात हलवला तर आपणही हलवायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर राहतो, खाटेवर ठेवला तर खाटेवर. उरला डावा. आमच्या किनाऱ्यावर डाव्या हाताने कोणाला काही देणं म्हणजे तोंडावर शिवी देणं. अगदीच नाइलाज असला, तर 'डाव्याची माफी' म्हणून द्यावं, लोक समजून घेतात. पण मॅडमनी ही माफी मागायची कोणत्या तोंडाने? अर्ध्या गावाचा डावा हात त्यांनीच बांधलेला.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि शाळेत दुसरीला शिकवते. पहिली त्यांची. गावातलं प्रत्येक पोर आधी त्यांच्या तावडीत सापडणार आणि मगच माझ्याकडे येणार. पोरं माझ्याकडे यायची ती नाक पुसलेली, 'गुड मॉर्निंग' एका सुरात म्हणणारी आणि झाडून सगळी उजव्या हाताची. मला आयतं मिळायचं, मी कशाला तक्रार करते?

शाळेत नाव घालायच्या दिवशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पोराने हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायचा. कान हाताला लागला तर वय झालं, नाहीतर पुढच्या वर्षी या. आता जन्माचे दाखले असतात, तरी मॅडम कान धरायला लावायच्याच. कारण त्यांचं लक्ष कानाकडे नसायचं, कोणता हात वर जातो तिकडे असायचं.

मानसा नावाच्या पोरीचा डावा वर गेला. तिला घेऊन आलेली आजी मासे धुरावर भाजून विकते, डोळे कायम लाल. आजीने कपाळावर हात मारला.

"बघितलंत ना मॅडम? ह्या हाताने वाढलेलं कोण खाईल? उद्या सून म्हणून कोण नेईल हिला?"

"ठेवा माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वर्गातून एक तरी डावरं बाहेर पडलंय का आजवर?"

त्यांच्याकडे एक निळी कापडी पट्टी होती, डोक्याला बांधायच्या जुन्या रुमालाची फाडलेली. ती डाव्या मनगटाला बांधून दुसरं टोक बाकाला. मारायच्या नाहीत हं कधी, ते त्या अभिमानाने सांगायच्या. मारायची गरजच नव्हती. पट्टी सुटून पोराने चुकून डाव्या हाताने खडू पुढे केला, की मॅडम वर्गाकडे वळून विचारायच्या, "हा कोणता हात?" आणि सगळा वर्ग बोट नाचवत ओरडायचा, "शी शी! लाज, लाज!" मधल्या भिंतीतून मला ते ऐकू यायचं. एका तालात, गाण्यासारखं.

मानसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा झालं. पोर रडली नाही. तिच्या अक्षराचा मात्र चिखल झाला, वाळूवर खेकडे पळावेत तसा. पण हात वळला. मॅडमनी स्वतः पट्टी सोडली आणि आजीने आनंदाने भाजलेल्या माशांची टोपली शाळेत पाठवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता कोसळल्या.

त्या इस्पितळातून घरी आल्यावर मी रोज त्यांना जेवण न्यायची, कधी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा, कधी सूप. मी असेपर्यंत त्या ताटाला हात लावायच्या नाहीत.

"भूक नाही गं, एफ्वा."

"काल पण नव्हती. ताट मात्र लख्ख झालं होतं. उंदीर पाळलेत का घरात?"

त्यांनी मान फिरवली. दार लावून, डाव्या हाताने, कोणी बघत नाही अशा बेताने त्या जेवतात हे मला ठाऊक होतं. विचारलं ते चुकलंच माझं. त्यांच्या कानशिलापर्यंत लाज चढलेली मला दिसली, आणि मी ताट ठेवून निघाले.

सत्राचा शेवटचा दिवस आमच्याकडे पोरांचा असतो, त्याला आम्ही 'आपला दिवस' म्हणतो. अभ्यास नाही, नवे कपडे, डब्यात टोमॅटोत शिजवलेला लालभडक जोलोफ भात, बिस्किटं, गार पेय. आणि बाईंना खाऊ द्यायचा. त्या दुपारी पहिलीचा अख्खा घोळका मॅडमच्या अंगणात येऊन दंगा करायला लागला. आत यायला सगळी बिचकत होती. आली एकटी मानसा. दोन्ही हातांत आजीने दिलेली माशाची पुडी. मॅडमच्या खाटेपाशी आल्यावर तिने पुडी नीट उजव्या हातात घेतली आणि पुढे केली.

खाटेशेजारी बसलेली मी पुडी घ्यायला उठले.

"बस तू," मॅडम म्हणाल्या. झटक्याने त्यांची जीभ थोडी जड झाली होती. मग त्यांनी चादरीखालून डावा हात काढला. "डाव्याची... माफी, मानसा."

पोर हसली नाही. तिने पुडीही सोडली नाही. ती खिडकीपाशी गेली, खिडकी लावली. मग दार लावून कडी घातली आणि परत आली.

"आता घ्या," ती हळूच म्हणाली. "आता कोणी बघत नाही. मी पण असंच करते."

"काय करतेस?"

तिने पुडी खाटेवर ठेवली, खिशातून खडूचा तुकडा काढला, डाव्या हातात धरला, आणि जमिनीवर बसून सिमेंटवर मॅडमचं नाव लिहिलं. अक्षर इतकं गोल आणि सरळ, की माझ्या दुसरीतल्या एकालाही तसं येत नाही.

"आजी मासे भाजते ना, तिथे खूप धूर असतो," ती म्हणाली. "तिला दिसत नाही. तिथे मी लिहिते. मॅडम, तुम्हाला शिकवू? सोप्पं आहे. फक्त आधी दार लावायचं."

मॅडम त्या नावाकडे बघत होत्या. "मी हिला काय शिकवलं गं, एफ्वा?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला त्या डावा हात वर नेईनात.

मग पुडी काखेत धरून त्या उठल्या. मी आधार द्यायला गेले तर मला झिडकारलं. पाय ओढत दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि उंबऱ्यावर बसल्या. अंगणातली पोरं गप्प झाली. मॅडमनी पुडी मांडीवर सोडली, डाव्या हाताने मासा मोडला आणि तोंडात घातला.

आधी एकच आवाज आला, मग सगळे.

"शी शी! लाज, लाज!"

बोटं नाचवत, एका तालात, जसं शिकवलं होतं तसंच. मी ओरडायला तोंड उघडलं, पण मॅडमनी मानेनेच नको म्हटलं आणि पुढचा घास घेतला. चेहरा इतका पडला होता की मला बघवेना.

मानसा आतच उभी होती, खडूचा हात पाठीमागे. मॅडमनी एक मोठा तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे धरला. डाव्या हाताने. माफी न मागता.

"घे, बाळा. तुझ्या हाताने घे."

मानसाने अंगणाकडे पाहिलं. मग खडू खिशात टाकला, डावा हात फ्रॉकला पुसून पुन्हा पाठीमागे नेला, आणि उजवा पुढे केला.