कोपऱ्यातला मोगली एरंड

जमैकाच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला, इसिल्डाबाईच्या परसाला मोगली एरंडाचं कुंपण होतं. कुणाला कोयता लागला, दाढ ठणकली, तान्ह्याचं तोंड आलं की लोक तिच्याकडे येत. ती देठ मोडून चीक बोटावर घ्यायची आणि लावायची. वाहतं रक्त थांबायचं. बिया विषारी, त्यांना मात्र ती कुणाला हात लावू देत नसे.

कोपऱ्यातल्या एका झाडाचा चीक तिने कधीच काढला नाही. मुलगा लासेल्स जन्मला तेव्हा त्याची नाळ तिने या झाडाच्या बुडाशी पुरली होती. ते झाड त्याचं.

गुड फ्रायडेला भर बारा वाजता मोगली एरंड कापला की रक्त येतं, हे तिथे सगळेच मानतात. तेवीस वर्षांचा लासेल्स किंग्स्टनहून सुट्टीला आला आणि त्यावर हसला. इसिल्डाबाई प्रार्थनेहून परतली, तेव्हा बारा वाजून गेले होते आणि तो कोयता घेऊन कोपऱ्यातल्या कापलेल्या झाडाशी उभा होता.

"बघ आई, लाल. वारा लागला की चीक लाल होतो, एवढंच," तो म्हणाला.

तिने कापल्या जागी पाहिलं. चीक थेंबथेंब येतो. हा धार लागून वाहत होता. दिवस कलेपर्यंत बुडाची माती काळी पडली आणि लासेल्सने अंथरूण धरलं. अंगावर ओरखडा नाही, पण ओठ पांढरेफटक. शनिवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या.

"बरंच रक्त गेलंय याचं. कुठून गेलं?"

इसिल्डाबाई तशीच उठली. ती परसात गेली. माणसाच्या जखमेला करायची तेच तिने केलं: दुसऱ्या झाडांच्या चिकात फडकं भिजवलं, कापल्या जागी बांधलं आणि वरून तळवा दाबून बसली. शेजारणीने पाणी आणून दिलं, तेही ती डाव्या हाताने प्यायली. तळव्याखाली काहीतरी ठोके देत होतं. आधी घाईघाईने, मग सावकाश.

ईस्टरच्या सकाळी धार थांबली. घरातून लासेल्सने मक्याची पेज मागितली.

आठवड्याने तो किंग्स्टनला परत गेला, तो पुन्हा त्या परसात आला नाही. झाडाची जखम भरली, पण वर साल धरली नाही. मऊ, फिकट कातडी आली. लासेल्स दर रविवारी फोन करतो. आईची तब्येत तो नंतर विचारतो, आधी झाडाची.