फ्रीजचं दार धरायला दुसरा माणूस

मित्रांनो, आज दुपारी मी फ्रीजच्या दाराचं रबर स्वतः बदललं. जुनं फाटलं होतं आणि तीन दिवसांपासून दूध नासत होतं.

नवं रबर देताना दुकानदार म्हणाला, "दोघं जण लागतील बरं. एकानं दार धरायचं, दुसऱ्यानं रबर बसवायचं. घरी हाय ना कोणी?"

मी म्हणालो, "हाय ना." खरं तर घनसावंगीत खोली करून मला आठ महिने झाले आणि मी एकटाच राहतो.

घड्या मोडाव्यात म्हणून रबर गरम पाण्यात ठेवलं. मग दार गुडघ्यानं रेटून बसवायला घेतलं. एक कोपरा बसला की दुसरा निघायचा. तासभर हेच चाललं.

शेवटी मनातल्या मनात चार वेळा वाक्य म्हणून पाहिलं आणि शेजारच्या काकूंची कडी वाजवली. "काकू, पाच मिनिटं दार धराल का?"

"कोणाचं दार?" काकू घाबरल्याच.

"फ्रीजचं."

त्या हसत आल्या आणि पिठाच्या हातांनीच दार धरलं. "मला वाटलं पोरगं मुकं हाय! बोलता येतं, मंग रोज का न्हाई बोलत?"

मी खाली बघत कोपरे दाबत राहिलो. रबर बसलं आणि काकू भाकरी टाकायला गेल्या.

दारात कागद अडकवून ओढून पाहिला, निघत नाही. काम बराबर झालंय. पण आता घरात बिघडलेलं काहीच उरलं नाही.

काही काम नसताना शेजाऱ्यांची कडी वाजवली, तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता?