बायकोच्या नावावर टाकलेलं बीपी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, लेकीजवळ नाही, आणि ज्यांच्या डब्यात रोज हात घालतो त्या वानखडे सरांजवळ तर मुळीच नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही उद्या शाळेच्या फाटकात भेटणार नाही. तरी एकदम मूळ गोष्टीवर यायला जीभ धजत नाही. म्हणून आधी एक लहान चूक सांगतो, तेवढीच जीभ सैल होईल.

मी हिमालय दोऱ्यानं मोजला होता.

शीलाच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला, नकाशावर या मुक्कामापासून त्या मुक्कामापर्यंत ताणून धरला, मग तो पट्टीला लावला आणि घरात जाहीर केलं की रोजचं चालणं म्हणजे आपल्या संग्रामपूरहून वरवट बकालला जाऊन येण्यासारखंच आहे, दुपारच्या जेवणाला पोचू. शीला, म्हणजे माझी बायको, नकाशावर वाकली. तिनं दोऱ्याखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "अजी, मंग ह्या इतक्या चिटकून चिटकून रेघा कायच्या हायेत?"

त्या समोच्च रेषा होत्या. उंची दाखवणाऱ्या. रेषा जितक्या जवळ तितका चढ उभा, हे मी बावीस वर्षांपासून पोरांना शिकवतो. परीक्षेत विचारतो. चुकलं की मार्क कापतो. हो — मी भूगोलाचा मास्तर आहे.

आता मुळाकडे येतो. येतो म्हणजे — थोडं वळसा घालून येतो.

चार दिवाळ्यांपूर्वी आमच्या वानखडे सरांनी एक बेत काढला. वानखडे सर म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक. पन्नाशीला आले तरी दोरीवर चढून दाखवतात. नेपाळच्या सीमेलगत एक उंच डोंगरधार आहे, तिच्यावरून दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस चालत जायचं. तंबू नाही, भांडीकुंडी नाही. प्रत्येक मुक्कामाला पाहुण्यांसाठी लाकडी घर, तिथं गादी, रजई आणि गरम जेवण. सकाळी एका घरून निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या घरी पोचायचं. सर आणि त्यांच्या मिसेस, मी आणि शीला, अशी चार नावं ठरली.

मला वाटलं, शीला थंडीचं नाव काढून नाही म्हणेल. खरं सांगू? मी त्याच भरवशावर हो म्हणालो होतो. पण तिनं एकच गोष्ट विचारली. त्या घरांत स्वयंपाक कोण करते?

तिथलीच माणसं करतात, मी म्हणालो.

"म्हंजे आपण जाऊन नुसतं बसाचं? चहा आयता?"

हा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला. मी वानखडे सरांना सांगितला, आम्ही दोघं हसलो. आता नाही हसू येत. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या चोवीस वर्षांत आम्ही जिथं जिथं गेलो — तिच्या माहेरी, माझ्या बहिणीकडे, अगदी नागपूरला दीक्षाभूमीवर सुद्धा — तिथं पोचल्यावर चूल, शेगडी नाहीतर पोळपाट शीलाच्या वाट्याला आला होता. दिवसभर चालून दुसऱ्याच्या पेटलेल्या चुलीजवळ जाऊन बसायचं, ही गोष्ट तिच्या जन्मात झालेलीच नव्हती. तिला बर्फ बघायचा नव्हता हो. तिला तो चहा पाहिजे होता.

तयारी सुरू झाली. तिनं कधी नव्हे ते स्वतःसाठी बूट घेतले आणि ते मुरावे म्हणून घालून वरण फोडणीला टाकू लागली. दर रविवारी आम्ही चौघं सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन एक टेकडी चढायचो. पाठीवर वजन पाहिजे म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाच किलो तुरीची डाळ. शीलाचं वरवट बकालला माहेराकडून आलेलं दोन एकर वावर आहे. ती वर्षानुवर्षं सकाळी तिथं पायी जाऊन, भाजी तोडून, डोक्यावर आणून नऊ वाजता माझा डबा भरते. तिला डाळ काय जड होणार? ती पदर खोचून, गप्पा मारत वर जायची. मी निम्म्यात एखादा दगड पकडून उभा राहायचो. वरून आवाज यायचा, "काऊन बे भूगोल, दम लागून राह्यला का?" हे वानखडे सर. मी ओरडून सांगायचो की खडक पाहतोय. एका पावसाळ्यात मी सातपुड्याचा एकूण एक खडक पाहिला असेल.

एका रविवारी मी वर पोचलो तेव्हा त्या तिघांची भाकरी खाऊन झाली होती, आणि शीलानं माझी सॅकसुद्धा उतरताना स्वतःच्या पोटाशी घेतली. मागे दहा किलो, पुढे दहा किलो — नाही, पाच आणि पाच. माझा हिशेबही अजून धड नाही. घरी येईपर्यंत मी सगळ्यांच्या मागे राहून चाललो. तिला वाटलं, पाय दुखत असतील. तिनं गरम पाणी आणून दिलं.

आता आलंच.

प्रवासाला प्रत्येकाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागत होतं. आम्ही मलकापूरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी शीलाला तपासलं, मग मला. मला दोनदा तपासलं. मग थोडा वेळ बसवून तिसऱ्यांदा. शीला तोवर बाहेर मेथीचं बी घ्यायला गेली होती. डॉक्टरांनी मला सांगितलं — गुरुजी, तुमचं बीपी बरंच वाढलेलं आहे, आजपासून गोळी सुरू करा, मीठ कमी करा, इतक्या उंचीवर मी तुम्हाला जाऊ देणार नाही. आणि पुढं एक वाक्य बोलले. ते वाक्य मी तुम्हाला शेवटी सांगतो. थांबा जरा.

मी बाहेर आलो. शीला बियांची पुडी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. म्हणाली, "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हणालो, "तुझं बीपी वाढलं आहे. तुला नाही जाता येणार."

एवढंच. मी ठरवून आलो नव्हतो, शप्पथ — नको, शप्पथ राहू द्या. ठरवलं नव्हतं, पण बोलल्यावर परत घ्यायला बसस्टँडपर्यंतचा रस्ता होता, बसचा अख्खा प्रवास होता, मग पुढची चार वर्षं होती. घेतलं का? दोन्ही चिठ्ठ्या मी शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे टाकल्या. माझ्या गोळ्या खडूच्या खोक्यात. आजही तिथंच आहेत.

बसमध्ये ती बराच वेळ खिडकीतून कपाशी पाहत होती. मग म्हणाली की तुम्ही तरी जा. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुझ्याशिवाय मी नाही जात." तिचे डोळे भरून आले. माझे कान तापले, पण ते बीपीनं असतील.

इथून माझी कीर्ती सुरू झाली. शीलानं विहारातल्या बायांना सांगितलं, माहेरी सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं — आमच्या यांनी माह्यासाठी हिमालय सोडला. बायका आपापल्या नवऱ्यांकडे पाहून माझं नाव घेऊ लागल्या. घरातलं मीठ कमी झालं ते तिच्या पथ्यासाठी; तुला गोळी नको, पथ्य पुरे, असं मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, तुमची भाजी वेगळी काढते. मी म्हणालो, नाही, तू खाशील तेच मी खाणार. झालं, आणखी एक त्याग माझ्या नावावर चढला. अळणी ठेचा खाल्लाय कधी तुम्ही? तो नुसता भांडतो. शीलाला खारवलेली कैरी जिवापाड आवडायची. तिनं बरणी उचलून शेजारणीला देऊन टाकली. पुढं विहारात आरोग्य शिबिर झालं, तिथं तिचं बीपी मोजलं तर अगदी उत्तम निघालं. मला वाटलं, आता पकडलो गेलो. पण ती आनंदानं घरी आली आणि म्हणाली, पाहा, मीठ सोडल्याचा गुण. तेव्हापासून तिनं चिमूटभर घालायची तेही बंद केलं.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. मास्तर असल्यामुळे पुढं राहून म्हणायचं काम माझ्याकडे आहे. चौथ्याला मला नेमका खोकला येतो. आता लोक माझ्या खोकल्यासाठी थांबतात.

वानखडे पती-पत्नी जाऊन आले. त्यांनी फोटो दाखवले. एका फोटोत धुक्यात लाकडी घर होतं, धुराड्यातून धूर निघत होता, आणि दारात वानखडे वहिनी दोन्ही हातांनी कप धरून बसल्या होत्या. शीलानं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, चहात आलं होतं का हो. वहिनी म्हणाल्या, आठवत नाही बुवा. शीला उठली आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेली.

आता ते डॉक्टरांचं वाक्य. ते म्हणाले होते, "मॅडम एकदम ठणठणीत आहेत, त्यांना बिनधास्त पाठवा."

म्हणजे पाहा — मला माझ्या बीपीची लाज वाटली, एवढंच असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं. लाज होतीच. पण ती जाऊ शकत होती. वानखडे वहिनींची सोबत होती. माझं बीपी माझ्या नावावर राहिलं असतं, तर शीला गेली असती, पाच दिवस चालली असती, पाच संध्याकाळी कुणीतरी तिच्या हातात कप दिला असता. आणि मी इथं दारात बसून वाट पाहिली असती. मला तेच नको होतं. ती माझ्यापुढं टेकडी चढून जाते हे मी सहन केलं होतं. माझ्याशिवाय जाते, हे नाही. भित्रेपणा आणि लबाडी मी केली, आणि पथ्य तिनं पाळलं. याला कारण मी देणार नाही. बावीस वर्षं पोरांची कारणं ऐकली आहेत. कारण सांगणाऱ्याचा गृहपाठ झालेला नसतो.

हे इथवर लिहून झालं आणि वाटलं, तुमच्याआधी हे तिला वाचायचा हक्क आहे. काल दुपारी ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, तिच्यापुढं ही पानं ठेवली आणि मी बाजूला पाटावर बसलो. उठून जायची फार इच्छा झाली, बसून राहिलो. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. एकदा मध्येच मागचं पान उलटून परत वाचलं. पानं नीट रचून त्यावर सूप ठेवलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. शेंगांचा एक वाटा पूर्ण निवडून झाला, तेव्हा ती म्हणाली,

"त्या मुक्कामाच्या घरांत बायांले अलग खोली असते काय?"

असते, मी म्हणालो.

"मंग माह्या एकटीचं नाव टाका. आन तुम्ही कुकर लावाले शिकून घ्या, दिवाळीले अजून टाइम हाय."