बाराव्या मिनिटाच्या मुंग्या

तुम्ही दोघांनी पाठवलेले बूट मी गेले तीन आठवडे घातलेले नाहीत. फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बूट कसे आहेत?" आणि मी म्हटलं, "छान आहेत." ते खोटं नव्हतं. मोरपिशी रंग, नारिंगी नाड्या, बूट छानच आहेत. पण उत्तर अर्धं होतं, आणि अर्धं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मार्क मी विज्ञानाच्या तासाला तीस वर्षं कापत आले. म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहिते.

दिवाळीनंतर माझ्या रक्तात साखर जास्त निघाली. फार नाही. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे. वजन थोडं उतरवा, रोज अर्धा तास घाम येईल असं काही करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू." काठावर म्हणजे अलीकडे की पलीकडे, ते काही सांगितलं नाही. आमच्या बाल्कनीतून खाडीकडची जमीन दिसते. भरतीच्या वेळी पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो ते कितीही वेळ बघितलं तरी ठरवता येत नाही. मला तशा गोष्टी बघवत नाहीत. मला रेषा लागते.

रेषा तुमच्या बाबाने दिली. त्याने तिकडूनच माझ्या फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घालून दिलं. सकाळपासून जे तोंडात जाईल ते त्यात लिहायचं. मी पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या वाट्या काढून मोजपात्राने मापल्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. आजोबा आमटीची वाटी उलटी करून वाचायला गेले आणि आमटी टेबलावर सांडली.

ॲपला पोळी कळते, भाकरी कळते, पण सुकेळी कळत नाही. इथल्या राजेळी केळ्यांची वाळवून केलेली सुकेळी आजोबा निर्मळ गावाच्या बाजूला गेले की आणतातच. ॲप मला विचारत राहिलं, तळलेले वेफर्स की केळ्याची पावडर? मी अर्धा तास त्यावर घालवला.

"अगं, ज्याचं त्याला नावच ठाऊक नाही, त्याच्या कॅलरी ते कशा धरणार?" आजोबा दुसरं सुकेळं पानातून सोडवता सोडवता म्हणाले. "खाऊन टाक. पुरावा राहत नाही."

खर्चाची बाजू म्हणजे व्यायाम. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये एक इलिप्टिकल आहे. दोन लांबट पायऱ्यांवर उभं राहायचं, दोन दांडे धरायचे आणि चालल्यासारखं करायचं. पाय पायऱ्यांवरून उचलायचा नसतो. तो लंबवर्तुळात फिरत राहतो आणि आपण तिथेच. गुडघ्यांना धक्का बसत नाही म्हणून डॉक्टरांना हे यंत्र पसंत होतं. मला त्याचा पडदा पसंत होता, कारण त्यावर आकडे येतात. पण तिथेही माझी पंचाईत झाली. अर्ध्या तासानंतर यंत्र म्हणे एकशे ऐंशी कॅलरी जळल्या, मनगटावरचं घड्याळ म्हणे एकशे दहा, आणि ॲपला विचारलं की ते दोघांनाही खोटं पाडे. मी वहीत तीन रकाने आखले. सरासरी काढली. मग वाटलं, तीन चुकांची सरासरी काढून बरोबर उत्तर थोडंच येतं? तरी काढत राहिले.

तुमचे बूट आले आणि साधारण आठवड्याने चौथा रकाना आखावा लागला.

यंत्रावर बारा मिनिटं झाली की डाव्या पायाच्या करंगळीला मुंग्या यायच्या. मग शेजारच्या दोन बोटांना. मग चवडा जड व्हायचा, आणि त्यानंतर मुंग्याही जायच्या. पाय पायरीवर आहे हे मला खाली बघून समजायचं. उतरून पाच मिनिटं बसलं की सगळं पूर्ववत. मी चौथ्या रकान्यात नुसतं "डा." लिहिलं आणि त्याखाली मिनिटं. बारा. बारा. अकरा. पुढच्या आठवड्यात नऊ.

मी हे कोणालाच का सांगितलं नाही, ते सांगायला हवं. माझ्या आईला मधुमेह होता. एकदा तिला पायात काचेचा तुकडा रुतलेला दोन दिवस कळलाच नव्हता. स्वयंपाकघरातल्या फरशीवर लाल ठसे दिसले म्हणून आम्ही शोधत गेलो तर ते तिच्याच पायाचे. "मला कुठे काय होतंय?" असं ती म्हणत होती आणि पोळी लाटत होती. पुढे तिची दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर ती चालायची तेव्हा डावा पाय जरा आधी, जरा घाईने टाकायची. तो आवाज मला अजून ओळखता येईल. तिचाही डावाच.

तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुम्हांला समजेल. डॉक्टर काठावर म्हणाले, आणि मी मनात पलीकडे जाऊनही पोचले. दुपारी आजोबा झोपले की मी पलंगावर बसून डोळे मिटायची आणि कापसाचा बोळा प्रत्येक बोटावरून फिरवायची. लागतंय की लागतंयसं वाटतंय? मग स्वेटर विणायच्या सुईचं बोथट टोक. मग उठून बाल्कनीत. मग परत पलंगावर, पुन्हा पहिल्या बोटापासून. चहा टाकायची आणि विसरायची. आणि यात सगळ्यांत वाईट असं की यंत्र सोडताही येईना. सोडलं तर साखर वाढणार, चालवलं तर पाय जाणार. मग मी चालवण्याची वेळ वाढवली, पाय हलू नये म्हणून नाड्या आणखी आवळल्या, आणि रात्रीची भाकरी अर्धी केली. आजोबांच्या सुकेळ्यांवरून त्यांच्याशी भांडलेसुद्धा.

तुमच्याशी मी रविवारी बोलायची ना, तेव्हा फोन मुद्दाम उंच धरायची. पाय टेबलाखाली सारखा हलवत असायची, तो दिसू नये म्हणून.

पाचव्या आठवड्यात यंत्रावरून उतरताना माझा डावा पाय जमिनीवर पडला, पण मला ते जाणवलं नाही. मी दांड्याला लोंबकळले. जिम झाडायला जवळच्या जूचंद्र गावाहून एक बाई येतात, पन्नाशीच्या असतील. आमच्या या इमारती उभ्या राहायच्या आधी त्यांच्या सासरची भातशेती इथेच कुठेतरी होती. कुठे ते विचारलं की त्या पार्किंगकडे हात करतात आणि हसतात. त्यांनी झाडू टाकून मला धरलं आणि बाकावर बसवलं.

"टीचर, पाय दाखवा."

"काही नाही हो, मुंग्या आल्यात."

"मुंग्या मी रोज बघते तुमच्या. घोड्यासारखा पाय झटकता उतरल्यावर. काढा तो बूट."

मी नाडी सोडली, पण बूट निघेना. त्यांनीच ओढून काढला. मोजा उतरवला तर करंगळीच्या बाजूने लाल पन्हळ उमटलेली.

"ह्ये बूट कोनाचं?"

"माझेच. नातवंडांनी पाठवलेत."

"मग नातवंडांच्याच मापाचं हायेत." त्यांनी बूट हातात फिरवून बघितला. "माप कोनी घेतलं?"

मी म्हटलं, "मीच. कागदावर पाय ठेवून, पेन्सिलने. शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवला. मिलिमीटरचीसुद्धा चूक नाही त्यात."

"बसून का उभ्यानं?"

"खुर्चीवर बसून."

जूचंद्रच्या लोकांचा रांगोळीत हात किती सराईत असतो ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. रांगोळीत माणसाचा चेहरा असा काढतात की ओळख पटावी. या बाईंनी पर्समधून खडू काढला. देवापुढे काढायला ठेवलेला असतो म्हणाल्या. मला दोन्ही पायांवर सरळ उभं केलं आणि फरशीवर बसून माझ्या डाव्या पायाभोवती खडू फिरवला. खडू अगदी उभा धरलेला, पायाच्या कमानीखाली कुठेही आत न वळलेला. मग पाय बाजूला घ्यायला लावला आणि त्या आकृतीवर तुमचा बूट ठेवला.

बूट आकृतीच्या आत बसला. दोन्ही बाजूंना खडूची रेघ दिसत होती, करंगळीच्या बाजूला तर अर्ध्या बोटाच्या अंतरावर.

आता माझी चूक सांगते. गुडघे वाकत नाहीत म्हणून मी माप खुर्चीवर बसून घेतलं, म्हणजे पायावर वजन नव्हतंच. उभं राहिल्यावर पाय पसरतो. शिवाय वरून वाकून काढताना पेन्सिल आत तिरकी गेली. तिरकं बघितलं, तिरकं धरलं की माप चुकतं, हे मी आठवीच्या मुलांना दरवर्षी पट्टी डोळ्यासमोर धरून शिकवत होते. आणि काढला फक्त उजवा पाय. दोन्ही पाय सारखेच असतात असं मी गृहीत धरलं, कारण आमच्या घरी तेच चालत आलं. मी लहान असताना वडील चपला आणायला शहरात जायचे तेव्हा प्रत्येकाच्या एका पायाशी झाडूची काडी लावून ती बरोब्बर मोडायचे आणि पाच काड्या खिशात घालून न्यायचे. काडीला लांबी असते, रुंदी नसते. साठ वर्षांनी मी पट्टी घेतली, फोटो काढला, आणि पाठवली ती काडीच.

मला हायसं वाटायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "झालं, बूट बदला, मुंग्या जातील." पण आईचे लाल ठसे एका खडूच्या रेघेने पुसले जात नव्हते. बूट घट्ट असेल आणि पायही जात असेल, दोन्ही एकदम खरं असू शकतं. त्या संध्याकाळी मी आजोबांना वहीतला चौथा रकाना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "किती दिवस?"

"पाच आठवडे."

"पाच आठवडे तू पायाचं लपवत होतीस, आणि वर माझी सुकेळी मोजत होतीस?"

"अहो, चिडू नका."

"चिडलोय कुठे? उद्या बूट नको, चप्पल घाल, सकाळी पहिला नंबर आपला."

डॉक्टरांनी मला पाय सोडून झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू पावलावर जागोजागी टेकवला. मी प्रत्येक वेळी "हो" म्हटलं. एकदा त्यांनी टेकवलाच नव्हता, तेव्हाही म्हटलं. ते हसले. आणि मग त्यांनी खणातून काढला तो ट्यूनिंग फोर्क. तसा चिमटा मी किती वर्षं टेबलावर आपटून मुलांच्या कानाशी धरला होता! त्यांनी तो हातावर आपटला आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या हाडावर उभा केला. थरथर पायात शिरली. "थांबली की सांगा," ते म्हणाले. मी श्वास धरून तिच्या मागे मागे जात राहिले. बारीक, आणखी बारीक. आजोबांनी बाहेरून खाकरलेलंही मला नको वाटलं. शेवटी मी "आता" म्हटलं, त्याच क्षणी डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला अजून काही लागतंय का ते तपासलं आणि मान हलवली. त्यांच्या बोटालाही थांबली होती.

ते म्हणाले, नसा ठीक आहेत. रुंद बूट घ्या, नाडी सैल ठेवा, पाय पायरीच्या मागच्या बाजूला ठेवून टाचेवर भार द्या, मध्येच थांबून बोटं हलवा. दरवर्षी मात्र ही तपासणी करायची. दरवर्षी, हे मी ऐकलं. आजोबांनी फक्त "ठीक आहेत" एवढंच ऐकलं आणि येताना पाव किलो सुकेळी घेतली.

नवे बूट इथल्याच दुकानातून घेतले, संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांत घालून. करड्या रंगाचे आहेत, दिसायला अगदी सामान्य. तुमचे मोरपिशी खोक्यात ठेवलेत. बाईंची मुलगी कॉलेजात जाते, तिच्या पायाला ते येतील, पण तुम्हांला विचारल्याशिवाय देणार नाही. काय ते कळवा. आणि पुन्हा काही पाठवायचं मनात आलं तर या कागदासोबत दोन्ही पायांची मापं जोडली आहेत. ती बाईंनी काढली आहेत, म्हणून बरोबर आहेत.

तीन रकाने मी अजून भरते. चौथ्यात आता रेघ मारते. पण यंत्रावर बारावं मिनिट लागलं की बाईंशी चाललेलं माझं बोलणं थांबतं, पडद्यावरचा आकडा दिसेनासा होतो, आणि मी करंगळी बुटात हलवून बघते. हलते. तेरावं लागतं. पुन्हा हलवते.