मातेच्या घरी फोडणी नसते

फैजपूरहून निघालो तेव्हा पिशवीत केळीच्या दोन फण्या आणि बायकोचं कोरं लुगडं होतं. ती या थंडीत गेली. लुगडं लेकीला द्यायचं, दोन दिवस राहायचं, एवढाच बेत.

जळगावकडे येईतो केळीचं हिरवं रान. पारोळा मागं पडलं की कपाशी आणि बोडके डोंगर. मध्येच एसटी पंक्चर. कंडक्टर म्हणाला, "उतरा आबा, पाय मोकळे करा." म्हटलं, "माझे मोकळेच हायेत, तुझी गाडी बसली."

लेकीचं गाव धुळ्याच्या पुढं. दारात कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. मी उंबऱ्याशी पोचतो तोच विहीणबाई ओरडल्या, "याही, चप्पल बाहेर काढा! घरमा माता येल शे." (व्याही, घरात देवी आली आहे.) माता म्हणजे अंगावरचं पुरळ. ते निघालं की घरात फोडणी नाही, सुई नाही, डॉक्टर नाही. मला कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि दही वाढलं. ताट सारून आत गेलो.

दोन वर्षांचा नातू माझ्या लेकीच्या, सुमनच्या मांडीवर पडलेला. सकाळपासून ताप, ओकाऱ्या. हाक मारली तरी डोळे उघडेना. कपाळ तव्यासारखं, हातपाय मात्र गार. पायांवर जांभळे डाग, शाई सांडावी तसे.

"हा गोवर नाही," मी म्हटलं. "गोवर तोंडावरून खाली उतरतो."

"माताना गंज रूप ऱ्हातस. दवाखानामा नेशात ते ती कोपई." (मातेची रूपं पुष्कळ. दवाखान्यात न्याल तर ती कोपेल.)

"कोपू द्या माझ्यावर! माझं काय न्यायचं राहिलंय आता?"

सुमन उठली. पोराला उचललं आणि अनवाणीच रस्त्यावर गेली. मी मागं.

रिक्षानं तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी काचेचा पेला डागावर दाबला. काचेखालीही डाग तसाच. "आबा, साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे. मेंदूज्वराचे जंतू रक्तात गेलेत." बोलता बोलता इंजेक्शन दिलंसुद्धा, मग धुळ्याला न्यायला गाडी बोलावली.

"डाग नसते तर कसं ओळखायचं?"

"ताप, गार हातपाय, पोर सुस्त. कधी मान आखडते. डागांची वाट बघायचीच नाही."

धुळ्यात पोरगं वाचलं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. हा रोग जवळच्यांना लागतो, म्हणून घरच्या सगळ्यांना गोळी दिली. विहीणबाईंनी ती पदराला बांधली. वर म्हणाल्या, "मातानी वाचाडं." (मातेनं वाचवलं.)

"आणि बोटं कुणी नेली?" मी विचारलं. समोर उभा राहिलो, त्यांनी गोळी गिळली तेव्हाच हललो.

परतताना डोंगर तेच, कपाशी तीच, पण मला कशाचंच कौतुक वाटेना. दवाखाना होता, रिक्षा होती, औषध होतं. आडवा आला तो फक्त उंबरा.

फैजपूरच्या स्टँडवर चहावाला हसून म्हणाला, "आबा, लेकीकडं पाहुणचार जोरात झाला म्हना!"

"नातू जित्ता हाय," मी म्हटलं. "त्याची दोन बोटं तिथंच राहिली. तुझ्या घरी पोर तापात सुस्त पडलं, तर आधी रिक्षा आण. मातेचा नेम मोडल्याचं पाप माझ्या नावावर घाल."