वहिनीच्या बोअरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, मित्राला न्हाई. देवापुढं हात जोडले तरी मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. मग तुमाला काहून सांगून राहिलो? तुमी आमच्या गावचे न्हाई, तेवढंच कारण असंल.

सुरुवात स्लॅबपासून करतो — न्हाई, माझ्या खोडीपासून करतो. मी वसमतजवळच्या एका गावात मास्तर हाय, विज्ञान शिकवतो. आन् खोड अशी की घरातल्या कुठल्याच कामाला माणूस बोलवायचा न्हाई. मोबाईलवर बघायचं, आपल्या हातानं करायचं, चार पैसे वाचवायचे. नळ मी बसवला, तो आजबी गळतो. भिंतीला फळी ठोकली, ती डब्यांसकट खाली आली. बायको म्हणायची, हे हात दाखवून अवलक्षण कशाला? खरंच होतं हो तिचं! पण ती हसली की माझं डोकंच फिरायचं. एक तरी काम धड व्हावं का न्हाई माणसाचं?

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला हिंगोलीच्या साडूनं स्लॅबला महागाचा पांढरा रंग मारला, घर गार ठेवणारा. जेवायला बोलावलं आन् भर दुपारी मला अनवाणी वर उभं केलं. पाय भाजले न्हाईत. खाली येऊन पुरणपोळी खाल्ली, पण गोड लागली न्हाई.

पुढच्या आठवड्यात बायको माहेरी गेली आन् मी चुना आणला. भिजवला, त्यात डिंकाचं पाणी कालवलं, स्लॅबवर दोन हात मारले. घर खरंच गार झालं. जल्मात एक काम बराबर जमलं! तेवढ्यावर थांबायचं ना? पण मी रंगाच्या दुकानातून त्याच महागाच्या रंगाचा रिकामा डबा मागून आणला. जिन्यात सगळ्यांना दिसंल असा ठेवला. बायकोला, गल्लीला, साडूला — सगळ्यांना सांगितलं, कंपनीचा रंग हाय. चुना म्हणायची लाज वाटली.

आता वहिनीचं सांगतो. दादा, माझा थोरला भाऊ, गेला त्याच्या आदल्या वर्षी त्यानं शेतात बोअर घेतलं होतं. पाणी लागलं तवा चिखलात लोळला होता, एवढा मोठा माणूस. त्याच्या माघारी त्या पाण्यावर वहिनीनं हळद धरली. एकटीनं. लागवड तिची, काढणी तिची, कढईपाशी बसून शिजवणंबी तिचंच. मोंढ्यात, म्हंजे हळदीच्या बाजारात, तिचं पोतं सोडलं की व्यापारी हात घालून बघायचे न्हाईत, एवढं तिचं नाव. तिच्या घरावर पत्रे, म्हणून शिजवलेली हळद ती दरसाल माझ्या स्लॅबवर वाळू घालायची. ताडपत्रीवर हळदीला घाम सुटतो म्हणायची, स्लॅब बरा.

त्या सालीबी ती आली. स्लॅबवरून बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. म्हणली, "भाऊजी, हे चुन्यावानी काहून निघून राहिलं? हळदीला तकलीफ तर न्हाई ना व्हायची?"

मुरगळलेल्या पायावर हळद-चुना कुणी लावला न्हाई? लावल्या लावल्या कुंकवावानी लाल होतो. आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक हाय. आन् मी तर सातवीच्या लेकरांना हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकून दाखवणारा माणूस! मला ठाऊक नव्हतं म्हणू का? मी म्हणलं, "कंपनीचा रंग हाय वहिनी, खुशाल घाला." वाळलाय, डिंक हाय त्यात, काय व्हायचंय — अशी मनाची समजूत घातली आन् शाळेत निघून गेलो.

ओली हळद. तिसऱ्या दिवशी खालून सगळी लाल डागांची. वहिनी ओंजळभर घेऊन दारात आली. चुनाच हाय हा, म्हणली, खरं सांगा. बायको बाजूलाच उभी. मी — काय म्हणावं मला — जिन्यातला डबा आणून तिच्यापुढं आपटला. वाचा म्हणलं. चोर तो चोर, वर शिरजोर. वर हेबी म्हणलं की तुमच्या बोअरचं पाणी क्षाराचं असंल, त्यात शिजवली म्हणून लाल झाली.

तिला पटलं न्हाई. त्याच पाण्यात दरसाल शिजवते, म्हणली.

इथं थांबावंसं वाटून राहिलं. पण आतापर्यंत सांगितलं ती नुसती फुशारकी होती, भेकडपणा होता. खरी गोष्ट पुढंच हाय.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून हळदीचे कागद आणले. वहिनीला म्हणलं, बोअरचं पाणी आणा, तपासूनच टाकू. ती तांब्या भरून घेऊन आली. पेला मी आमच्या घरातला घेतला — आन् तिच्यापुढं ठेवायच्या आधी आतून त्याला चुन्याचं बोट फिरवलं. तिच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, हलवलं, कागद बुडवला. कागद लाल झाला. वहिनी त्या कागदाकडं बघतच राहिली. मग खाली बसली. "यांचं बोअर..." एवढंच म्हणली.

मोंढ्यात मी तिच्यासंगं गेलो होतो. व्यापाऱ्यानं हळदीची कांडी मोडली, डाग बघितला आन् चार लोकांत म्हणाला, "बाई, ये क्या रंग लगा के लाए?" वहिनी रडली न्हाई. पदर सारखा करून तिनंच सांगितलं, रंग न्हाई शेठ, आमच्या बोअरचं पाणी खराब हाय, आमच्या भाऊजींनी तपासलंय. व्यापाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली.

तेव्हापासून चार साल तिनं हळद लावली न्हाई. सोयाबीन, हरभरा, बस. कुणी विचारलं तर आपल्याच तोंडानं सांगते, आमचं पाणी हळदीला चालत न्हाई. गावात आता आणखी दोघं-तिघं पाणी तपासायला माझ्याकडं येतात. मास्तर हुशार म्हणतात. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मग मी घरी येऊन बायकोवर, लेकरांवर ओरडतो, त्यांना कारणबी कळत न्हाई.

यंदा वहिनीनं गळ्यातलं मोडलं आन् बांधाकडंला दुसरं बोअर घेतलं. हळद पुन्हा करायची म्हणते. पहिलं पाणी माझ्याकडंच आणलं. मी स्वच्छ पेला घेतला. कागद पिवळाच राहिला. ती एवढी हसली की मला तिच्याकडं बघवंना.

मग म्हणली, जुनं बोअर बुजवून टाकू, उघडं राहिलं तर कुणाचं लेकरू पडंल. आन् हे तुमच्या दादाचं हाय, तुमीच हात लावा.

मी गेलो. मोटर काढली होती. पहिला धोंडा मी टाकला, मग दुसरा. वहिनी हात जोडून उभी होती. धोंडा खाली गेला आन् लगेच पाण्याचा आवाज आला. भरपूर पाणी होतं. चांगलं पाणी होतं. मी तिसरा धोंडा उचलला.